पांढऱ्या पडलेल्या बोर्डांचं प्रकरण: आयपीए, राळ आणि पावसात उभा ड्रम

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी क्वालिटी बघायचो तेव्हाची ही गोष्ट. माल काय, तर शेतीपंपाच्या ऑटो स्विचची कार्डं, म्हणजे रात्री लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारं जे डबडं असतं त्याच्या आतला बोर्ड. जुलैचा दुसरा आठवडा, बाहेर धो धो पाऊस, आणि पॅनल बनवणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकाने चारशे वीस कार्डं टेम्पोत घालून परत पाठवली. सोबत चिठ्ठी, 'सोल्डरिंगला बुरशी आलीये'.

बुरशी नव्हती अर्थात. पण सोल्डरच्या टोकांभोवती पांढरं पिठूळ काहीतरी होतं, ओल आलेल्या भिंतीवर खार फुटतो ना अगदी तसं, आणि त्यावर आम्ही मारलेलं अ‍ॅक्रिलिक कोटिंग नखाने ओढलं की दुधावरच्या सायीसारखं सुटून यायचं. कोटिंग कशासाठी असतं, तर शेतातल्या पेटीत दमट हवा, मुंग्या, पाली यांच्यापासून बोर्ड वाचवायला. तेच सुटतंय म्हणजे पुढच्या पावसाळ्यात सगळा माल वॉरंटीत परत येणार हे ठरलेलं. शिवाय त्यातल्या काही कार्डांची रिले, म्हणजे पुढे करंट जोडणारं छोटं स्विच, करंट जोडतच नव्हती, ते वेगळंच निघालं, त्याच्याकडे नंतर येतो.

आता आमची धुण्याची पद्धत सांगतो म्हणजे पुढचं कळेल. सोल्डरिंगनंतर बोर्डावर फ्लक्स उरतो, म्हणजे मुख्यतः राळ, पाइनच्या झाडाची, आणि त्यात सोल्डर नीट धरावं म्हणून घातलेली थोडी अ‍ॅसिडं. ते काढायला आयपीए, आयसोप्रोपिल अल्कोहोल. लाइनवर सगळे त्याला 'स्पिरिट'च म्हणतात. स्टीलचा ट्रे, त्यात दोन लिटर आयपीए, ब्रशने घासायचं, एअर गनने फुंकायचं, रॅकमध्ये लावायचं. झालं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं आणि उन्हाळ्यात कधी तक्रार नाही.

मीटिंग बसली आणि पाच मिनिटांत आरोपी सापडला. स्पिरिटवाला. भेसळ करतोय. स्टोअरचे काका तर शपथेवर सांगायला तयार, कारण म्हणे हल्ली वासच उतरलाय पहिल्यासारखा. साहेबांनी फोन उचललाच होता, मी म्हणलं साहेब दोन दिवस द्या, मोजून तरी बघू.

मोजायचं कसं हा प्रश्न होता. आयपीएतलं पाणी नेमकं मोजायला कार्ल फिशर टायट्रेशन लागतं, ते यंत्र आमच्या बापजन्मात येणार नव्हतं. पण शुद्ध आयपीएची घनता २० अंशाला ०.७८५ च्या आसपास असते आणि पाणी मिसळलं की वाढते, साधारण दर टक्क्याला ०.००२४, त्यामुळे बारीक रेघांचा एक हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारी काचेची नळी, पुरतो. रविवार पेठेत मिळाला. उघड्या ड्रममधून सिलिंडर भरला, हायड्रोमीटर सोडला, ०.७८५. बरोब्बर. काका जरा हिरमुसले, साहेब म्हणाले चला, माल शुद्ध आहे.

आणि इथेच आम्ही सगळे फसलो असतो. ०.७८५ हा आकडा २० अंशाचा आहे. त्या दिवशी शॉपमध्ये २९ अंश होते. आयपीए तापलं की भराभर फुगतं, अंशागणिक घनता साधारण ०.०००९ ने उतरते, म्हणजे २९ अंशाला शुद्ध माल ०.७७८ च्या जवळपास यायला हवा. आमचा ०.७८५ आला. फरक ०.००७, म्हणजे सुमारे तीन टक्के पाणी. जो आकडा बघून आम्ही निर्धास्त झालो तोच आकडा खरं तर बिघाड सांगत होता, मला हे चहा पिताना अचानक सुचलं आणि मी अर्धा कप टाकून परत पळालो. मग सीलबंद ड्रम उघडला, त्याच तापमानाला, तोच हायड्रोमीटर, ०.७७८. म्हणजे पुरवठादाराचा माल चोख होता. पाणी आमच्याकडे आल्यावर शिरलं होतं.

काकांचा आकड्यांवर विश्वास नाही, त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मोरचूद आणलं, द्राक्षबागांवर बोर्डो मिश्रणात मारतात तेच. एका टाकाऊ तव्यावर निळा रंग जाऊन पांढरट होईपर्यंत भाजलं (तो तवा परत घरात नेऊ नका, मोरचूद विषारी आहे) आणि गार झाल्यावर दोन बाटल्यांत चिमूट चिमूट टाकलं. सीलबंदवालं पांढरंच राहिलं, उघड्या ड्रमवालं निळसर झालं. यावर काका काही बोलले नाहीत, फक्त ड्रमकडे बघत राहिले.

आता तीन टक्के पाणी आलं कुठून. मी पण आधी तेच म्हणालो जे सगळे म्हणतात, की आयपीए हवेतलं पाणी ओढतं, पावसाळा आहे, झाकण सैल आहे, झालं. पण जरा हिशोब मांडा. आपल्याकडे ड्रम येतो १६० किलोचा, म्हणजे दोनशेच्या वर लिटर. तो निम्मा संपलेला होता, आत शंभर लिटर हवा. जुलैत २७ अंशाला आणि नव्वद टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत पाणी असतं २३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शंभर लिटरमध्ये दोन-सव्वादोन ग्रॅम. रोजच्या रोज सगळी हवा बदलली असं धरलं तरी महिन्याला सत्तर ग्रॅम. आणि उरलेल्या ८० किलोत तीन टक्के म्हणजे जवळजवळ अडीच लिटर पाणी! हवेच्या माथी मारून हे भागत नाही.

उत्तर मागच्या पत्र्याखाली उभं होतं. आयपीएचा फ्लॅश पॉइंट १२ अंश, म्हणजे पुण्यात जवळजवळ वर्षभर कधीही ठिणगी दाखवा, वाफ पेटणार, म्हणून सेफ्टीवाल्याने ड्रम आतून बाहेर काढायला लावलेला, आणि ते बरोबरच होतं. पण बाहेर तो उभा ठेवला पन्हाळीच्या तोंडाशी. ड्रमच्या डोक्याला कड असते, त्यात पाणी साचतं. ५७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे अडीच लिटर, हे गणित मी करून बघितलं तेव्हा हसूच आलं. बुचाच्या जागी हँडपंप खोचलेला, वॉशर गायब. दुपारी जरा ऊन पडलं की आतली वाफ फुगून बाहेर, संध्याकाळी सर आली की ड्रम गार पडून श्वास आत घेतो, आणि श्वासाबरोबर डोक्यावरचं पाणी. डिझेल असतं तर पाणी तळाला बसलं असतं, पंपातून आधी पाणीच आलं असतं आणि कोणीतरी ओरडलं असतं. आयपीए पाण्यात कितीही प्रमाणात मिसळतं, सगळं गिळून वर काचेसारखं स्वच्छ दिसतं.

इथे मीटिंगमध्ये टाळ्या वगैरे झाल्या. प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं, मलाही. नवीन ड्रमचा माल ट्रेमध्ये ओतला, शंभर कार्डं धुतली, दुसऱ्या दिवशी सकाळी रॅक बघितला तर साठ-पासष्ट कार्डं पांढरी.

मग मात्र डोकं शांत ठेवून नीट ट्रायल लावली. सहा-सहा कार्डांचे गट केले. नवीन आयपीए पण चालू ट्रेमधल्या जुन्यावरच ओतलेलं, पांढरं, जवळजवळ सगळी. ड्रममधलं ओलं आयपीए पण धुऊन पुसलेल्या ट्रेमध्ये, फिकट डाग, सहातल्या दोनवर. नवीन आयपीए, स्वच्छ ट्रे, आणि धुतल्यावर दुसऱ्या स्वच्छ ट्रेमध्ये परत बुचकळून, एकदम लख्ख. म्हणजे ज्या ड्रमवर आम्ही दोन दिवस घालवले तो खरा गुन्हेगार नव्हताच, साथीदार होता. खरा गुन्हेगार ट्रे.

लाइनवरच्या ताईंना विचारलं ट्रे कधी रिकामा करता. त्या म्हणाल्या, 'अहो रिकामा कशाला करायचा, कमी झालं की वरून टाकतो की.' त्यांचं चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पण होतं काय बघा. आयपीए राळ विरघळवतं, नष्ट करत नाही. पहिल्या कार्डाची राळ ट्रेमध्ये, दुसऱ्याची ट्रेमध्ये, शंभराव्या कार्डापर्यंत ट्रे म्हणजे राळेचं पातळ वार्निश झालेलं असतं. त्यातून काढलेल्या बोर्डावर जो थर राहतो त्यातलं आयपीए उडून जातं, राळ तिथेच. आपण धुतोय असं वाटतं, प्रत्यक्षात सगळ्या कार्डांची घाण सगळ्यांना समान वाटून देतोय. एका काचेच्या पट्टीवर ट्रेमधले पाच थेंब टाकून सुकू दिले तर चिकट पिवळसर कडं उरलं, सीलबंद ड्रमच्या पाच थेंबांचं काहीच उरलं नाही. ही चाचणी फुकट आहे आणि कोणीही करू शकतं.

बरं, राळ पिवळी, चिकट. मग पांढरं पिठूळ का? ते पाण्यामुळे. ट्रेमधलं आयपीए एका ग्लासात घेऊन त्यात दोन चमचे पाणी घातलं आणि ताईंना दाखवलं, पांढरं दूध झालं. राळ आयपीएत विरघळते, पाण्यात नाही, पाणी वाढलं की बारीक कणांनी बाहेर पडते. बोर्डावर तेच घडत होतं, आणि पाणी तिथे तीन वाटांनी पोचत होतं. एक तर ड्रम. दुसरी एअर गन, कॉम्प्रेसरची टाकी पावसाळा सुरू झाल्यापासून कोणी ड्रेन केली नव्हती, कॉक सोडला तर मगभर पाणी निघालं, आणि हेच पाणी आम्ही धुतलेल्या बोर्डावर फुंकत होतो. तिसरी वाट जरा गमतीची आहे. आयपीए झपाट्याने उडतं आणि उडताना बोर्डाची उष्णता घेऊन जातं, हातावर घेतलं तर गार लागतं ना, ते. २६ अंश आणि नव्वद टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू असतो २४ च्या वर, म्हणजे बोर्ड नुसता दोन अंशांनी गार पडला तरी हवेतली वाफ त्याच्यावर धरते, थंड पाण्याच्या तांब्याबाहेर धरते तशी. एप्रिलच्या कोरड्या हवेत हे सहसा होत नाही. म्हणून उन्हाळ्यात तोच घाणेरडा ट्रे, तीच पद्धत, आणि बोर्ड चकचकीत दिसायचे. राळ तेव्हाही बोर्डावर होतीच, फक्त पारदर्शक होती.

एवढं करूनही काही कार्डांवर ठरावीक चार-पाच जागी पांढरं उरत होतं, नवीन आयपीए, दोन ट्रे, सगळं केलं तरी. जागा बघितल्या तर सगळ्या हाताने टच-अप केलेल्या, म्हणजे परत सोल्डर लावलेल्या. जूनमध्ये परचेसने सोल्डर वायर बदलली होती, नो-क्लीन फ्लक्सची. नावच सांगतं की धुऊ नका. त्या फ्लक्सची रचना अशी की अ‍ॅडिपिक, सक्सिनिक वगैरे सौम्य अ‍ॅसिडं रेझिनच्या कवचात बंद राहावीत आणि तसंच सोडून द्यावं. आपण आयपीए मारतो, कवच अर्धवट विरघळतं, आतली अ‍ॅसिडं उघडी पडतात आणि पांढरी दिसतात. न धुतलेलं परवडलं असतं. कापसाच्या बोळ्याने ओळखता येतं, नवीन आयपीएने पुसून गेलं तर राळ, तसं न जाता कोमट डिस्टिल्ड पाण्याने गेलं तर असली अ‍ॅसिडं नाहीतर क्षार, दोन्हींनी गेलं नाही तर करपलेली राळ किंवा धातूचे क्षार, मग ते कार्ड विसरा. वायर जुनी परत आणली. किलोमागे वाचलेले पैसे आणि परत आलेली चारशे वीस कार्डं हा हिशोब परचेसच्या माणसासमोर कोणी मांडला नाही, पण त्याला कळला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पाणी म्हणजे शत्रूच. तसं नाही. बोर्डावर किती आयनिक घाण राहिली हे मोजायची जी जुनी चाचणी आहे, रोझ नावाची, तिच्यात मुद्दाम ७५ भाग आयपीए आणि २५ भाग शुद्ध पाणी वापरतात, कारण राळ आयपीएच ओढतं आणि क्षार पाणीच ओढतं. सॅनिटायझरचंही तसंच, डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात आयपीए ७५ टक्के ठेवलंय, ९९ नाही, जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. म्हणजे पाणी किती आहे हे आपल्याला माहीत असणं आणि आपण ते ठरवलेलं असणं महत्त्वाचं, पन्हाळीने ठरवलेलं नको.

आयपीए हे तसं फार कामाचं द्रव आहे, थोडं त्याच्याबद्दलही. १९२० मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलने रिफायनरीतल्या प्रॉपिलीनपासून ते बनवायला सुरुवात केली आणि पेट्रोकेमिकल धंद्याची सुरुवात तिथून धरतात. आपल्याकडे तळोज्याला दीपक फर्टिलायझर्स बनवतं, गुजरातमध्ये दहेजला दीपक फिनॉलिक्स बनवतं, तिथे असिटोनपासून. उकळतं ८२ अंशाला, पृष्ठताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, म्हणून आयसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या चिपच्या, पायांखाली जिथे पाणी शिरत नाही तिथे हे सरसर जातं. त्याच गुणासाठी ऑफसेट प्रेसवाले डॅम्पनिंगच्या पाण्यात घालतात. औषध कंपन्या स्फटिकीकरणाला आणि गोळ्यांच्या ग्रॅन्युलेशनला वापरतात, फायबरवाले जोडणीआधी काचेचा तंतू पुसायला, सेमीकंडक्टरवाले वेफर सुकवायला. प्यायचं अल्कोहोल नव्हे बरं का, शरीरात जाऊन त्याचं असिटोन होतं, त्यामुळे लाइनवर बाटलीला लेबल नसेल तर मी बाटली उचलून फेकायचो, शिव्या खायचो.

रिलेचं राहिलं. ज्या कार्डांची रिले करंट जोडत नव्हती ती रिले फोडली तर कॉन्टॅक्टवर राळेचा पातळ पापुद्रा. स्वस्तातली रिले सीलबंद नसते, तळाच्या फटीतून हे पातळ वार्निश आत शिरलं, आयपीए उडालं, राळ कॉन्टॅक्टवर बसली. जे आयसीखाली शिरायला उपयोगी तेच रिलेत शिरायला घातक. त्यावर इलाज एकच, धुता येईल अशी सील केलेली रिले, नाहीतर रिले शेवटी लावायची आणि तिथे ब्रश नेऊच नाही. आम्ही दुसरं केलं कारण पहिल्याला मंजुरी मिळाली नाही.

बाकी बदल झाले ते असे. एकाऐवजी तीन ट्रे, कार्ड पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. ऐंशी कार्डं झाली की पहिला ट्रे रिकामा, दुसऱ्याचा माल पहिल्यात, तिसऱ्याचा दुसऱ्यात, नवीन फक्त तिसऱ्यात. ऐंशी हा आकडा काचेच्या पट्टीवरून काढलेला, दुसऱ्याच्या लाइनला तो लागू होणार नाही. आयपीएचा खप वाढेल म्हणून साहेब घाबरले होते, पण सारखं वरून ओतत राहण्यात जेवढं जात होतं त्याहून फार जास्त गेलं नाही. ट्रेला झाकण, कारण उघड्या ट्रेमधून निम्मं तर उडूनच जात होतं आणि ती वाफ हवेच्या दुप्पट जड, जमिनीलगत पसरते, बाजूला सोल्डरिंग स्टेशनचं बटण. इतकी वर्षं काही झालं नाही हे नशीब. धुतल्यावर बोर्ड तिरके उभे करून आधी एक्झॉस्टखाली पूर्ण निथळू द्यायचे आणि मगच ६० अंशाच्या ओव्हनमध्ये. एकाने मधली पायरी गाळून हेअर ड्रायर आणला होता. त्याला मी जे बोललो ते इथे लिहित नाही.

वापरलेलं आयपीए घरच्या घरी गाळून, उकळून परत वापरू अशी आयडिया साहेबांच्या मेव्हण्याची. नको म्हणलं. एक तर पाणी असलेलं आयपीए साधं उकळून शुद्ध होत नाही, ८८ टक्क्यांच्या आसपास दोघं मिळून ८०.३ अंशाला एकत्रच उडतात, तिथून पुढे साधं डिस्टिलेशन हात टेकतं. दुसरं म्हणजे जुनं, उजेडात उघडं पडलेलं आयपीए हळूहळू पेरॉक्साइड धरतं आणि ते तळापर्यंत आटवलं तर स्फोटाची भीती. पहिल्या ट्रेचा माल कॅनमध्ये भरून, लेबल लावून रांजणगावच्या धोकादायक कचऱ्याच्या सुविधेकडे जाऊ लागला, पैसे लागतात, लागू देत.

परत आलेल्या चारशे वीसपैकी तीनशे ऐंशीच्या वर कार्डं वाचली. कोटिंग काढलं, तीन ट्रेमधून घालवली, वाळवली, परत कोटिंग. उरलेली टच-अपच्या डागांमुळे आणि रिलेमुळे गेली. ड्रम पत्र्याच्या आत आला, नवीन वॉशर, अर्थिंगची क्लिप, आणि लाइनवर जातो तो फक्त पाच लिटरचा कॅन. हायड्रोमीटर स्टोअरमध्ये टांगलाय, त्याच्या शेजारी काकांनी स्वतः मार्करने भिंतीवर तक्ता लिहिलाय, किती अंशाला किती आकडा यायला हवा तो, आणि आता स्पिरिटवाल्याचा टेम्पो आला की आधी थर्मामीटर बुडवतात.

तो ओला ड्रम टाकून दिला नाही. फिक्श्चर आणि जिग, म्हणजे बोर्ड धरायचे साचे, पुसायला तीन टक्के पाणी काय बिघडवणार, त्यावर लाल पट्टा मारला आणि दिवाळीपर्यंत वापरून संपवला.